सगळ्यांना येतं असं काहीतरी

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर तासावर भाड्यानं मिळणारा जॅमपॅड, म्हणजे बँडच्या सरावाची खोली आहे. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, खाली जुनं कार्पेट. पावसाळ्यात त्या कार्पेटचा ओला, कुबट वास खालच्या खोकी बनवणाऱ्या कारखान्यातल्या खळीच्या वासात मिसळून जातो. जुलैमधल्या एका शनिवारी तिथे जॅझ वाजवायला आम्ही चौघं जमलो. ठाण्याहून गिटार घेऊन मी, ऐरोलीला आयटीत काम करणारा बासवाला, घणसोलीची एक ड्रमर मुलगी आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणारा एकवीस वर्षांचा मुलगा. आधी कुणीच कुणाबरोबर वाजवलेलं नव्हतं. मुलानं स्वतःची धून लिहून आणली होती. चार पानं, प्रत्येकासाठी वेगळा संच, कोपऱ्यात पिन मारलेली, भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली. पहिलं पान चार मात्रांत, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर मध्येच अकरा. आम्ही चाळीस मिनिटं झगडलो. बासवाला तिसऱ्या पानावर पोचायचा तेव्हा मी दुसऱ्यावरच असायचो, ड्रमर ओठ हलवत मात्रा मोजायची, आणि तो मुलगा दर वेळी सॅक्स तोंडातून काढून फार नम्रपणे म्हणायचा, “परत एकदा वरून घेऊ या?” शेवटी ड्रमरनं काठ्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या. म्हणाली, “आधी सगळ्यांना येतं असं काहीतरी वाजवू या ना.” बासवाल्याच्या आणि माझ्या तोंडून एकदमच नाव निघालं. ऑटम लीव्हज, जी मायनर पट्टीत. कागद लागला नाही, चर्चा लागली नाही. ड्रमरनं चार मोजले, आणि दहा मिनिटांपूर्वी एकमेकांची माफी मागणारी चार माणसं एकमेकांशी बोलायला लागली. मुलाचा सोलो तर असा झाला की मी हात हलका करून, जेमतेम कॉर्ड्स धरून, नुसता ऐकत राहिलो.

रबाळे स्टेशनवर ठाण्याची गाडी यायला वेळ होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुलगा सॅक्सची पेटी दोन्ही पायांमध्ये धरून उभा होता आणि बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, ती धून कधीची?” मी सांगितलं, जोसेफ कॉस्मा नावाच्या संगीतकाराची, मूळ फ्रेंच गाणं, १९४५च्या सुमाराचं. “माझ्या आजोबांचा जन्म अठ्ठेचाळीसचा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “मग माझ्या जन्मानंतरची एक तरी सांगा, जी आज आपल्या चौघांनाही आली असती.” मी लगेच ट्रंपेटवाल्या रॉय हारग्रोव्हच्या २००८ सालच्या त्या धुनेचं नाव घेतलं, पॅरिसच्या मेट्रो स्टेशनचं नाव असलेली, स्ट्रासबूर्ग–सेंट डेनिस. बासवाल्यानं सुरुवातीची ती ओळ धरली की कुठल्याही जॅमला मुलांचे चेहरे उजळतात, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं मान हलवली. “हां, ती येते. अजून?”

त्या ‘अजून’चं उत्तर ठाणं येईपर्यंत मला देता आलं नाही.

स्टँडर्ड, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या सगळ्यांना येते अशी धून. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चच्या मागच्या गल्लीत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. तिथे एक ट्रंपेट वाजवणारे अंकल राहायचे. पन्नासच्या दशकात ते मुंबईच्या हॉटेलांमधल्या डान्स बँडांत होते, नंतर फिल्म स्टुडिओत, आणि आम्ही त्यांना ओळखायला लागलो तेव्हा लग्नांत वाजवायचे. चिक चॉकलेटचं नाव ते देवाचं घ्यावं तसं घ्यायचे. ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारा हा गोव्याचा माणूसच सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’च्या संगीतात होता, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडे एक वही होती. वाण्याच्या खात्याची असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. मला वाटायचं, हिच्यात सगळं संगीत लिहिलेलं असणार. एकदा त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा मी चक्रावलो. आत नोटेशनचं एकही पान नव्हतं. अक्षरानुक्रमे गाण्यांची नावं आणि प्रत्येकासमोर फक्त कुठल्या पट्टीत वाजवायचं ते. काही ठिकाणी पट्टी खोडून दुसरी लिहिलेली, कारण त्या हंगामात गाणारी बाई बदलली असेल. शेकडो नावं, आणि नाव-पट्टी एवढंच. बाकीचं कुठाय, असं मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं नाही की काही मोठं वाक्य टाकलं नाही. “बाकीचं सगळ्यांना येतं ना,” एवढंच म्हणाले, आणि व्हॉल्व्हना तेल द्यायला लागले. वांद्र्याहून एक, धोबीतलावाहून दोघं, ठाण्याहून हे असे पाच जण संध्याकाळी सातला हॉलवर भेटायचे आणि साडेसातला वाजवायला सुरुवात. तालीम नाही. वहीत जे लिहावं लागत नव्हतं, तेच त्यांचं भांडवल होतं.

मी त्यांच्याकडे कॉर्ड्स शिकलो. पुढे गेलो की ती वही माझ्या गुडघ्यावर हलकेच आपटायचे. “घाई करतोस.”

ती शेकडो गाणी आली कुठून, हे मला फार उशिरा कळलं. त्यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतली. आपल्याला हे समजायला सगळ्यात सोपं जावं, कारण आपल्याकडेही अगदी तसंच घडलं. ‘मानापमान’ १९११चं, ‘स्वयंवर’ १९१६चं. ती नाटकं पूर्ण पाहिलेली माणसं आज किती निघतील? पण त्यांतली पदं ठाण्यातल्या कुठल्याही गणेशोत्सवातल्या मैफलीत अजून उभी राहतात, आणि प्रत्येक गाणारा ती आपल्या वाटेनं वळवतो. जेरोम कर्न या संगीतकाराचं एक नाटक १९३९च्या नोव्हेंबरात आलं आणि एकोणसाठ प्रयोगांत बंद पडलं. त्याचं नाव आज विचारलं तर वाजवणाऱ्यांतही थोडेच सांगतील. पण त्यातली ‘ऑल द थिंग्ज यू आर’ ही चाल जगातल्या प्रत्येक जॅझ शिकणाऱ्याच्या बोटांखालून गेलेली आहे. त्याच वर्षी सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सनं ‘बॉडी अँड सोल’ वाजवली ती ऐका. मूळ चाल सुरुवातीला थोडीशी, आणि मग जवळजवळ पूर्ण तबकडीभर तिच्या सावलीत चाललेलं त्याचं स्वतःचं बोलणं. लोकांनी ती हजारोंनी विकत घेतली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाणं आधीपासून वाजत होतं म्हणूनच तो इतका दूर जाऊ शकला. मुखडा ठाऊक असलेल्या श्रोत्यासमोर गवई जसा निर्धास्त होऊन भटकतो, तसं.

नंतर वादकांनी स्वतःच लिहायला घेतलं. कॉर्ड्सच्या मांडणीवर कुणाची मालकी चालत नाही, म्हणून बीबॉपवाल्यांनी, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या नव्या जॅझवाल्यांनी, जुन्या गाण्यांचा सांगाडा तसाच ठेवून वर नव्या धुना बसवल्या. गर्शविनच्या १९३०च्या एकाच गाण्याच्या कॉर्ड्सवर किती धुना उभ्या राहिल्या याची मोजदाद अवघड आहे. मग थेलोनियस मंक, माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन. १९५९ हे साल तर जॅझवाल्यांच्या पंचांगातलं सणासुदीचं, त्या एका वर्षात कितीतरी मोठे अल्बम झाले. सॉनी रोलिन्सची ‘सेंट थॉमस’ १९५६ची, त्याची आई म्हणायची त्या, व्हर्जिन बेटांवरच्या लोकगीतावरून घेतलेली. हा माणूस साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या पवईच्या आश्रमात राहून गेला आणि १९७८ला पहिल्या जॅझ यात्रेत, म्हणजे मुंबईच्या जॅझ महोत्सवात, रंगभवनच्या मंचावर वाजवून गेला, या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. पवई म्हणजे ठाण्याहून बसनं किती लांब? केनी डॉर्हॅमची ‘ब्लू बोसा’ १९६३, हर्बी हॅन्कॉकची ‘मेडन व्हॉयेज’ १९६५, वेन शॉर्टरची ‘फूटप्रिंट्स’ १९६६, चिक कोरियाची ‘स्पेन’ १९७२. इथपर्यंतच्या धुना आमच्या जॅमपॅडमध्ये कुणीही पुकारल्या असत्या तरी आम्ही चौघांनी निभावून नेल्या असत्या. त्यानंतर मात्र नावं विरळ होत जातात.

त्याच सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या मुलांनी या धुना हातानं उतरवून एक जाडजूड पुस्तक केलं. परवानगी नव्हती, झेरॉक्सवर झेरॉक्स होत ते जगभर पसरलं. रीतसर परवानगीची आवृत्ती आली ती २००४ला. माझी प्रत ठाणे स्टेशनजवळ स्पायरल बाइंडिंग करून घेतलेली आहे. कितव्या पिढीची झेरॉक्स कोण जाणे, काही पानांवर स्वरांची डोकी आणि शाईचे ठिपके यांत फरकच कळत नाही, आणि तिथे मी वर्षानुवर्षं एक चुकीचा स्वर श्रद्धेनं वाजवत आलो. या पुस्तकाचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण त्या शनिवारनंतर मी ते उघडलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की अंकलच्या वहीत पानं वाढत होती. पट्ट्या खोडल्या जात होत्या, खाली नवी नावं चढत होती. माझं पुस्तक स्पायरलमध्ये बांधलेलं आहे.

मग आता चांगल्या धुना होत नाहीत का? तसं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ट्रान्स हार्बरच्या गाडीत हेडफोन लावून मी आजचे लोक ऐकतो आणि कित्येकदा ऐरोली कधी गेलं कळत नाही. मला दिसतं ते असं, की हल्ली धून आणि ती वाजवणारा बँड यांना सुटं करता येत नाही. त्याच ड्रमरचा तो ठोका, त्याच पियानोवाल्याचा तो हात, सहा महिने एकत्र राबून बसवलेली ती रचना. एका अर्थानं ही वाढच आहे. शिवाय स्वतःचं काहीतरी असलं तरच अल्बम निघतो, स्वतःची रचना असली तरच नाव होतं, रॉयल्टी आपल्या घरी येते. प्रत्येक जण लिहितो. दुसऱ्याचं शिकायला कुणाला सवड नाही. नाचणारी माणसं केव्हाच उठून गेली, त्यामुळे रोज रात्री तीच गाणी मागणारंही कुणी उरलं नाही. हर्बी हॅन्कॉकला हे कळलं होतं बहुधा. १९९६ला त्यानं प्रिन्सपासून निर्वाणापर्यंतची गाणी घेऊन ‘द न्यू स्टँडर्ड’ नावाचा अल्बम केला. मी तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणला होता, आणि फार आशेनं. वाजवणं अफाट आहे. पण त्यातली गाणी आमच्या जॅमपर्यंत पोचली नाहीत. त्या गाण्यांचं मूळ रेकॉर्डिंगच इतकं घट्ट कानात बसलेलं असतं, त्या गायकाच्या त्या आवाजासकट, की त्यांना मोकळं करायला हॅन्कॉकच लागतो. १९३०च्या गाण्यांचं तसं नव्हतं. ती कागदावरून यायची, एकाच वर्षात दहा जण गायचे, आणि खरं गाणं कुठलं हा प्रश्नच कुणाला पडत नसे.

आमच्या ड्रमर मुलीनं मध्यंतरी मला एका पुस्तकाबद्दल सांगितलं. टेरी लिन कॅरिंग्टननं, जी स्वतः ड्रमर, २०२२ला स्त्रियांनी रचलेल्या १०१ धुनांचं पुस्तक काढलं. जुन्या पुस्तकात बायकांची नावं शोधावी लागतात, म्हणून. ड्रमरनं त्यातली एक निवडून बसवलीय. “तुम्ही कॉर्ड्स बघून ठेवा, पुढच्या वेळी घेऊ,” असं दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा बघून ठेवले नव्हते.

हे मला लागलं.

काही वर्षांपूर्वी गडकरी रंगायतनला राम मराठे महोत्सवात एक तरुण गायक ऐकत होतो. मध्यलयीची एक बंदिश त्यानं सुरू केली. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, मांडीवर बोटांनी ताल धरलेला. अंतऱ्यात ‘गुनिजान’ हा शब्द आला मात्र, त्या वळून मला, अनोळखी माणसाला, म्हणाल्या, “व्यासबुवांची.” सी. आर. व्यासांची ती मुद्रा, बंदिशीत गुंफलेली सही. बुवा गेले २००२ला. तो गायक त्यांच्यासमोर बसलेला असण्याची शक्यता कमीच, कुणाकडून तरी कुणाकडून तरी होत ती त्याच्यापर्यंत आली असणार. सदारंगांच्या चिजा आधीपासून होत्याच की. त्या तीनशे वर्षं पुरल्या, अजून पुरतील. तरीही कुणाला तरी व्यासबुवांची चीज शिकाविशी वाटली, शिकवाविशी वाटली, आणि ठाण्यात त्या रात्री एका बाईंना ती ओळखू आली. थेलोनियस मंकच्या धुनांचंही असंच झालं. लोकांना त्या विचित्र वाटायच्या, वाकड्या वाटायच्या. १९५८ला स्टीव्ह लेसी नावाच्या तरुण सोप्रानो सॅक्सवाल्यानं एक अख्खी रेकॉर्ड फक्त मंकच्या धुनांची केली. दुसऱ्याच्या धुना, तेही लोक फारशा वाजवत नसत अशाच निवडून. आज मंक सगळ्यांना येतो, त्याचं श्रेय मी मंकइतकंच असल्या लेसींना देतो. धून लिहिणारा ती लिहून मोकळा होतो. स्टँडर्ड ती दुसऱ्याच्या हातात होते, आणि तो दुसरा व्हायची वेळ माझ्यावर आली होती तेव्हा मी सातच्या पानावर हात टेकून ऑटम लीव्हजकडे पळालो होतो.

तर मी मुलाकडून ती चार पानं मागून घेतली. पंधरा दिवस रोज रात्री जेवणानंतर बाल्कनीत बसून वाजवली, हळू, गुणगुणत. धून आत होती. खरोखर सुंदर, कुणालाही म्हणता येईल अशी, पण सात आणि अकराच्या गर्दीत दबलेली. मी ती एका पानावर उतरवली. सगळं चार मात्रांत, बत्तीस बार, म्हणजे मात्रांचे बत्तीस गट, चार-चारच्या आठ ओळी, कॉर्ड्स वर, आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे कर्न आणि मंक यांची नावं असतात तिथे, त्या मुलाचं नाव. पेन्सिलीनं लिहिलं, मग शाईनं गिरवलं. मला फार समाधान वाटलं होतं, खरं सांगतो.

ऑगस्टमध्ये त्याच पोटमाळ्यावर मी ते पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते बराच वेळ वाचलं. कोपऱ्यातल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “छान आहे काका. पण ही माझी नाही वाटत.” त्याचे कान लाल झाले होते, मलाही काही सुचेना. मी म्हटलं, अकराचं पान कुणालाच पाठ होणार नाही रे. “अकराचं जाऊ दे,” तो म्हणाला, “ते मला स्वतःलाच नको झालंय. पण हे काय केलंत?” आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एक लांब स्वर होता. मूळ कागदावर तो एक मात्रा जास्त थांबायचा, आणि मी तो बार पाचाचा होता तो चाराचा केला होता, नीटनेटका. त्यानं सॅक्स उचलून आधी माझ्या पद्धतीनं वाजवलं, मग त्याच्या. त्याच्या पद्धतीत तो स्वर संपता संपता एक क्षण असा यायचा की आता पुढचं येणार म्हणून आपण पाऊल उचललेलं असतं आणि जमीन अजून आलेली नसते. “हे म्हणजे आजीला हाक मारल्यावर,” तो म्हणाला, “आणि ती ओ देईपर्यंत.” त्यापुढे तो काही बोलला नाही. बासवाल्यानं फक्त विचारलं, “म्हणजे पाच मोजायचे ना तिथे?”

मुलानं माझ्याकडची पेन्सिल घेतली आणि माझ्या शाईच्या बारवर ५चा आकडा लिहिला. दोनदा गिरवला. आम्ही ती सहा वेळा वाजवली. ड्रमरनं तिसऱ्या वेळेपासून कागदाकडे बघणं सोडलं. नंतर तिनं निवडलेली ती धूनही घेतली. कॉर्ड्स मी या वेळी बघून आलो होतो, तरी मधल्या भागात दोनदा चुकलो. ऑटम लीव्हजला वेळ उरला नाही.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मुलगा खिडकीशी, पेटी मांडीवर. खाडीवरून ओला वारा येत होता. मी बॅगेवर बोटांनी ती चौथी ओळ वाजवून बघत होतो, एक, दोन, तीन, चार, आणि तिथे थांबायचं, पण हात आपोआप पुढे जायचे. परत सुरुवात करायचो, परत जायचे. ऐरोली गेलं, दिघा गेलं. खिडकीबाहेर बघता बघताच तो म्हणाला, “काका, घाई करताय.”